तक्रार मुलाच्या भाषेत ऐकावी

आमच्या शाळेच्या ऑफिसात एक बाई होत्या, त्यांना सगळे कलमबाई म्हणायचे. तोंडावर नाही, अर्थात. तोंडावर "बाई, जरा बघता का", आणि पाठ वळली की "कलमबाईंना विचारा, कुठल्या कलमात बसतंय ते". शाळा कर्णबधिर मुलींची, वसतिगृहासकट. त्या हेडक्लार्क, मी शिवण शिकवायचे. दुपारचा डबा आम्ही दोघी एकत्र खायचो, त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलायचा थोडाफार हक्क माझ्याकडे येतो. बाकीच्यांचं बोलून झालंच आहे, आणि ते काय बोलले ते मी ऐकलंय.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. वडील गेले तेव्हा भावाचं शिक्षण अर्ध्यावर होतं. बाईंनी टायपिंगचा क्लास लावला, नोकरी धरली आणि भावाला शिकवलं. पुढे भावाचं लग्न झालं, मुलं झाली, आणि बाई त्याच घरात मागच्या खोलीतल्या आत्या झाल्या. घरात कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. काय बोलायचं ते ऑफिसात. तिथं मात्र त्यांच्यापुढे कुणाची टाप नव्हती. टाचणी मागायला गेलात तरी "कशासाठी" असं विचारायच्या, आणि उत्तर पटलं नाही तर टाचणी मिळायची नाही.

एका वर्षी वरून आदेश आला. मुलांच्या प्रत्येक संस्थेत बालसंरक्षण धोरण हवंच, नाहीतर अनुदान बंद. अनुदान म्हटल्यावर आमचे सचिव खडबडून जागे झाले. कुठल्याशा दुसऱ्या संस्थेचं धोरण मागवलं, वरचं नाव बदललं आणि फाइल कलमबाईंच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "बाई, एवढं लावून टाका." त्यांना वाटलं, फाइल कपाटात लागेल. बाईंनी ती शाळेला लावली.

सगळ्या खोल्यांच्या दारांना काचा बसल्या. सुतार म्हणाला, "बाई, थंडीत फटींतून वारा येईल." बाई म्हणाल्या, "येऊ दे." ड्रायव्हरनं मुलींना पुढच्या सीटवर बसवायचं नाही. पाहुण्यांनी फोटो काढायचा तर आधी लेखी परवानगी. एकदा खुद्द सचिवांनी फोटोसाठी एका चिमुरडीला मांडीवर घेतलं, तर बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "साहेब, कलम सात." साहेबांनी तिला निखारा ठेवावा तसं खाली ठेवलं. आम्ही आठवडाभर हसत होतो. प्रशिक्षणं झाली. आम्ही मोठ्या कागदांवर रंगीत पेनांनी गोल काढले, बाण काढले, बिस्किटं खाल्ली. तक्रारपेटी बसली. वर्षभरात तिच्यात एकच चिठ्ठी निघाली, तिच्यावर फूल काढलेलं होतं. बाईंनी तीही फाइलला लावली.

त्या धोरणात एक कलम असं होतं की, तक्रार मुलाच्या भाषेत ऐकावी आणि त्यासाठी ती भाषा जाणणारी व्यक्ती नेमावी. कलम चांगलंच होतं. पण आमच्या शाळेची गोष्ट निराळी होती. आमच्या संस्थापकांचा आग्रह असा की बहिऱ्या मुलांनी तोंडानं बोललं पाहिजे, ओठ वाचले पाहिजेत. हातांनी खुणा केल्या की तोंडाचं बोलणं खुंटतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून वर्गात खुणांना बंदी. मुली हात मांडीवर ठेवून बसायच्या. एखादीचा हात वर आला की वर्गावरच्या शिक्षिका डोळे वटारायच्या. आम्ही एकीनंही खुणा शिकल्या नव्हत्या, उलट शिकायच्या नाहीत हीच आमची शिस्त. मुलींना मात्र घसा ताणून ताणून पाच-पन्नास शब्द यायचे, लिहायला त्याहून कमी. त्यांचं खरं बोलणं वसतिगृहात चालायचं, हातांनी, दिवसभर कोंडलेलं पाणी सुटल्यासारखं.

आणि ते बोलणं साऱ्या शाळेत एकाच मोठ्या माणसाला येत होतं, वसतिगृहाच्या अधीक्षिकेला. तिला सगळे ताई म्हणत. तिचे आईवडील दोघंही बहिरे, त्यामुळे ती बोलायच्या आधी खुणा शिकली होती. नवी आलेली मुलगी रडून गोंधळ घालायला लागली की ताई खाली बसायची, दोन हात हलवायची, आणि पोर शांत. सुट्टीत ज्यांना घरी न्यायला कुणी यायचं नाही, त्या मुलींबरोबर ती सुट्टीतही राहायची. खोटं कशाला बोलू, मलाही ती आवडायची. कलमबाईंनी त्या कलमासमोर तिचं नाव लिहिलं, खाली आपली सही केली, आणि सभेत आम्ही टाळ्या वाजवल्या. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच. फक्त इथं चोर कोण ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि किल्ली एकच होती.

पुढच्या पावसाळ्यात पहिली तक्रार आली. कलमबाई डब्यावर बसल्या त्याच खुशीत. "आज एक मुलगी स्वतः होऊन आली," त्या म्हणाल्या. "मधल्या सुट्टीत थेट माझ्या टेबलासमोर. मी लगेच ताईंना बोलावलं. बराच वेळ बोलत होती. मी जराही घाई केली नाही."

"काय म्हणत होती?"

"भाजी खारट असते, पांघरूण टोचतं, आणि घरची आठवण येते."

मुलगी अकरा-बारा वर्षांची होती. लहानपणी पडून तिच्या डाव्या भुवईचे दोन तुकडे झालेले. तिला हाक मारताना मुली स्वतःच्या भुवईवरून कापल्यासारखं बोट फिरवत, तेच तिचं नाव. आम्हीही तिला भुवईच म्हणायचो. कलमबाईंनी स्वयंपाकघरात जाऊन आचाऱ्याला मीठ मोजून घालायला लावलं. तो इतका बिघडला की चार दिवस भाजी अळणी. पांघरूणही बदललं. तक्रार मिटली.

त्यानंतर भुवई बिघडत गेली. माझ्या वर्गात तिचा टाका सगळ्यात बारीक असायचा, आता ती कापड हातात धरून नुसती बसायची. कुणी मागून खांद्याला हात लावला की गर्रकन वळून मारायची. जेवणाचं ताट फेकलं. सुट्टीहून परत आली आणि आठवड्याभरात ताईच्या मनगटाला चावली, रक्त येईपर्यंत. ताई पट्टी बांधून सभेला आली आणि म्हणाली, "माझी काही तक्रार नाही हो. पण लहान मुली घाबरतात." ठरलं, की नाव कमी करायचं. आजूबाजूला दुसरी शाळा नव्हती. नाव कमी झालं असतं तर ती पोर घरी बसली असती, जन्मभर, जिच्याशी कुणाला बोलता येत नाही अशी. हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं आणि तरी ठरलं.

तिचे वडील गवंडी होते. नखांत सिमेंट, खुर्चीच्या कडेवर बसलेले. सचिव, कलमबाई आणि मी समोर. मी शाळेच्या बालसंरक्षण कमिटीवर होते, कारण तिच्यावर दोन शिक्षिका लागतात आणि मला नाही म्हणता आलं नव्हतं. भुवई बाहेर व्हरांड्यात आपल्या ट्रंकेवर बसली होती. सचिवांनी सगळं सांगितलं. वडिलांनी वाद घातला नाही.

"घरी पण तेच, साहेब," ते म्हणाले. "सुट्टीत आली होती, तर धाकट्या भावाला धरलं. टॉवेलानं त्याचे हात मागं बांधले, मोरीत कोंडलं आणि दिवा घालवला. चार वर्षांचं पोर ते, रडून रडून बेजार. आईनं बदडलं हिला. आता ठेवून घ्या म्हणायला आम्हाला तोंड नाही."

"बघा," सचिव माझ्याकडे वळून म्हणाले. "घरातसुद्धा."

कलमबाई लिहायच्या थांबल्या. "हात मागं बांधले?"

"होय."

"आणि दिवा का घालवला?"

"काय ठाऊक. दार लावलं आणि बाहेरनं बटण बंद केलं. आणि मग तिथंच बसून राहिली म्हणे, दाराशी. गेली नाही कुठं."

बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि उठून बाहेर गेल्या. मला वाटलं पाणी प्यायला गेल्या, म्हणून मीही गेले. व्हरांड्यात त्या भुवईसमोर उभ्या होत्या. कलमाप्रमाणे त्यांनी ताईला बोलवायला हवं होतं. बोलावलं नाही. नाकासमोर चालणारी ती बाई, तिनं आयुष्यात पहिल्यांदा कलम बाजूला ठेवलं. आपले दोन्ही हात पाठीमागं नेले, मनगटावर मनगट ठेवलं, आणि भुवया उंचावून मुलीकडे बघत राहिल्या.

भुवईनं त्यांच्या मनगटांकडे पाहिलं. मग उठली आणि चालायला लागली. आम्ही मागोमाग. वसतिगृहाच्या मागच्या अंगाला गाद्या-चादरींची खोली आहे. माझ्याकडे दुरुस्तीला यायच्या फाटक्या चादरी तिथंच असायच्या. तिच्या दाराला काच नव्हती. मुली तिथं जात नाहीत म्हणून सुतारालाही सांगितलं नव्हतं. दिव्याचं बटण दाराबाहेर. भुवईनं दार उघडलं, आत गेली, गाद्यांच्या दोन थप्प्यांमधल्या सांदीत भिंतीकडे तोंड करून बसली आणि हात मागं घेतले. मग वळून फळीखालून नाड्यांचं एक भेंडोळं ओढून काढलं आणि बाईंच्या हातात दिलं.

त्या नाड्या मी ओळखल्या. माझ्या वर्गात मुलींनी शिवलेल्या, परकराच्या. टाकेसुद्धा ओळखू येत होते. मी चौकट धरून उभी राहिले.

आपल्याला कुणी अंधारात कोंडलं तर आपण ओरडतो, बाहेरची चाहूल ऐकतो, स्वतःशी तरी बोलतो. या मुलींचं ऐकणं डोळ्यांत आणि बोलणं हातांत. दिवा घालवला आणि हात बांधले की त्यांना ना काही ऐकू येत, ना हाक मारता येत. जग गेलं की राहिलं तेही कळत नाही. हे ज्याला कळतं तोच ही शिक्षा शोधू शकतो, आणि ते साऱ्या शाळेत फक्त ताईला कळत होतं.

कलमबाई गादीवर बसल्या. नाड्या मांडीवर. "त्या दिवशी भाजीचं नव्हतं," एवढंच म्हणाल्या.

मग जे व्हायचं ते झालं. सचिवांनी ऑफिसचं दार लावून घेतलं, काच असलेलं, आणि म्हणाले, "मिटवू आपण. मुलीचं नाव ठेवू, ताईंना समज देऊ. बाई, जरा व्यवहारी व्हा. ताईंना काढलं तर या मुलींशी बोलणार कोण? तुम्ही? मी? आणि नेमणुकीच्या कागदावर सही कोणाची आहे, हे तुम्हाला मी सांगायला पाहिजे का?"

ते खोटं बोलत नव्हते, हाच त्यातला त्रास होता.

घरीही बाईंना तेच ऐकायला मिळालं. दुसऱ्या दिवशी डबा उघडून त्यांनी मला सांगितलं, पोळी तशीच हातात. वहिनी म्हणाली, "वन्सं, निवृत्तीला दोन वर्षं राहिली तुमची. या वयात हे झेंगट कशाला? तुम्ही तर चांगल्यासाठीच केलं होतं ना." भाऊ पेपरमागून म्हणाला, "मी काही बोलणार नाही. पण उद्या तुझंच नाव पेपरात आलं तर मुलांच्या लग्नकार्यात लोक विचारतील."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, बाबा रे, तुझी फी भरताना मी लोकांना विचारलं नव्हतं." त्यांनी पोळी डब्यात ठेवली. "मी पत्र टाकून आलेय. धोरणात पत्ता दिलाय त्या बाहेरच्या समितीला. सहीचंही लिहिलंय."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांना असलं काही आवडत नसे, पण त्या दिवशी त्यांनी हात काढून घेतला नाही.

ताईला कामावरून दूर केलं तेव्हा ती रडली नाही की नाकबूलही गेली नाही. ऑफिसात उभी राहून म्हणाली, "चाळीस मुली आणि मी एकटी. रात्री झोपत नाहीत, हात चालूच. दिवा असला की बोलतात, म्हणून दिवा घालवायचा. तरी खिडकीच्या उजेडात बोलतात, म्हणून हात. तुम्ही वर्गात काय करता हो? हात मांडीवर. का, तर पोरींनी सुधारावं म्हणून. तुम्ही केलं की शिक्षण आणि मी केलं की गुन्हा." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि तुम्हाला एवढी वर्षं एक खूण शिकावीशी वाटली नाही." तिचा मला संताप आला, आणि ती खरं बोलत होती याचा जास्त आला.

ती गेली त्या दिवशी लहान मुली फाटकाला लोंबकळून रडत होत्या. ज्या बाईनं कोंडलं तिच्यासाठीच. कारण गोष्ट सांगणारी, ताप आला की कुठं दुखतंय ते विचारणारी, आईचा निरोप समजावून देणारी, तीही तीच होती. आता त्यांना विचारणारं कुणीच उरलं नाही. राग निघाला भुवईवर. बहिऱ्या मुली एकमेकींशी बोलणं टाकतात ते पाठ फिरवून. जेवणाच्या पंगतीत ती बसली की दोन्ही बाजूंच्या मुली तिच्याकडे पाठ करून बसायच्या. तिनं कितीही हात हलवले तरी बघायचंच नाही.

चौकशीला समितीचे तिघं जण आले. सोबत बाहेरगावाहून एक दुभाषी बाई आणल्या होत्या, पोरगेल्याशा, संध्याकाळच्या गाडीनं परत जाणाऱ्या. सचिवांच्या खोलीत टेबल-खुर्च्या गोल मांडल्या. एका बाजूला भुवई आणि तिचे वडील, समोर आम्ही. दुभाषी बाईंनी पहिली खूण केली आणि भुवई चमकून सरळ बसली. मग जे तिचे हात सुटले, ते थांबेनात. कुणाकुणाला कोंडलं, कशासाठी, किती वेळ. एका लहान मुलीनं तिथंच कपडे ओले केले तर पुन्हा कोंडलं. दुभाषी बाई एकेक वाक्य आम्हाला बोलून सांगत होत्या. गवंडी खाली बघत होते. आपली लेक एवढं बोलते हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळत होतं, आणि काय बोलते तेही.

समितीच्या अध्यक्षबाई समजूतदार होत्या. ताईवर गुन्हा दाखल होणार, मुलीचं नाव कमी करायचा ठराव रद्द, हे त्यांनी तिथंच सांगितलं. मग मुलीकडे वळून म्हणाल्या, "आता तू घाबरू नकोस. तुझी जागा इथं आहे. राहशील ना?"

वडिलांनी मान वर केली. त्यांचा जीव त्या उत्तरात अडकला होता, आणि कलमबाईंचाही. गेला महिनाभर त्या जेवत नव्हत्या ते यासाठीच, की निदान ही पोर शाळेत राहावी.

भुवईनं विचार केला. मग हात हलवले, थोडेच.

"ती विचारतेय," दुभाषी बाई म्हणाल्या, "पुन्हा काही झालं तर मी सांगायचं कोणाला?"

सचिवांनी पाण्याचा ग्लास उचलला. अध्यक्षबाईंनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं. दुभाषी बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांना गाडी गाठायची होती आणि तसं त्यांना सांगवत नव्हतं. तेव्हा कलमबाईंनी आपला हात उचलला. एवढी एकच खूण त्यांना येत होती, ती कुणालाही येते. आपल्या छातीवर त्यांनी बोट टेकवलं. मला सांग.

भुवई त्यांच्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर राग नव्हता. मग ती दुभाषी बाईंकडे वळली आणि सावकाश, त्यांना नीट कळावं अशा बेतानं, काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"ती म्हणतेय, यांनाच पहिल्यांदा सांगितलं होतं. सगळं, आत्ता सांगितलं तेवढंच. आणि ह्या माझ्याकडे बघून हसत होत्या, मान हलवत होत्या."

कलमबाईंचं बोट छातीवर तसंच राहिलं. भुवईनं वडिलांच्या बाहीला धरून ओढलं, आणि ते दोघं ट्रंक घ्यायला बाहेर गेले.